चार मुलांची ताई, बेचाळीस मुलांची मॅडम

पत्र :

मी २४ वर्षांची आहे, इंदूरमध्ये बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. सोळा आठवड्यांच्या इंटर्नशिपचा सहावा आठवडा चालू आहे. हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, पटावर ४२ मुलं. संध्याकाळी सुदामानगरच्या घरी चार मुलांची ट्यूशन घेते. ती मला ताई म्हणतात, आम्ही हसतो-खिदळतो, अडलेलं सोडवतो, मला मजा येते. शाळेत मात्र मी दुसरीच कुणीतरी होते. ओरडते. परवा तर 'तुम लोगों से कुछ नहीं होने वाला' हे वाक्य तोंडून गेलं. ते माझ्या जुन्या गणिताच्या बाईंचं होतं, आणि त्यांना मी घाबरायचे. मार्गदर्शक मॅडम सांगतात, 'पहले दो महीने हँसना मत.' कॉलेजचे सर सांगतात, मुलांना बोलतं करा. ज्या दिवशी मागे बसून जो माझा पाठ बघतो, त्या दिवशी मी तशी होते. इंटर्नशिपच्या डायरीत रोज 'पाठ सफल रहा' लिहिते, ते खोटं असतं. आजी निवृत्त शिक्षिका, आत्या शिक्षिका, त्यामुळे घरच्यांच्या मते हे रक्तातच आहे, आणि 'बी.एड. झालं की पोरगी सेफ'. यातली खरी मी कोणती? आणि मी या कामाच्या लायक आहे का?

— एक छात्राध्यापिका, इंदूर

उत्तर :

ट्यूशनबद्दल जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, त्यापासूनच सुरुवात करू. चार मुलांपुढे जमतं, बेचाळीस मुलांपुढे जमत नाही, यावरून तुम्ही दोन 'मी' धरून चाललात. त्याआधी आकडे बघा. चार मुलं सतरंजीवर बसली की चारही वह्या तुमच्या डोळ्यांखाली असतात. कुणाचं गणित कुठल्या ओळीत फसलं, ते फसतानाच दिसतं. कुणी कंटाळलं तर तोंडाआधी त्याचे पाय सांगतात. शाळेत ४० मिनिटांच्या पिरियडमधून हजेरी, बसणं-उठणं, फळा पुसणं वजा केलं की ३० मिनिटं राहतात. ती ४२ मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. मुलं समोर असतात, पण दिसत नाहीत. दिसेनाशी झाली की भीती वाटते आणि भीती वाटली की आवाज चढतो. यात स्वभावाचा वाटा फार थोडा आहे. म्हणून 'खरी मी कोणती' हा प्रश्न काही आठवडे बाजूला ठेवा आणि आधी बेचाळीस मुलं दिसू लागतील अशी सोय करा.

एका कोऱ्या कागदावर वर्गाची बैठक काढा, बाकाबाकावर नावं लिहा. वर्गात जे नाव हाकेला वापरतात तेच लिहा, हजेरीपटावरचं नको. हा कागद पॅडला लावून टेबलावर ठेवा आणि पिरियडमध्ये जो बोलला त्याच्या नावापुढे एक टिंब द्या. चार पिरियडनंतर बघा. बहुतेक टिंबं पहिल्या रांगेत आणि मधल्या ओळीत सापडतील, कडेची आणि मागची मुलं कोरी राहिलेली असतील. हे बहुतेक वर्गांत होतं, कारण आपली नजर जिथून उत्तर येतं तिकडेच परत परत जाते. पाचव्या दिवसापासून वर्गात शिरण्याआधी सहा कोरी नावं ठरवायची. त्यांना उभं करून सगळ्यांदेखत विचारू नका, त्याने ती आणखी मिटतात. मुलं लिहीत असताना त्यांच्या बाकापाशी जा, वाकून, हलक्या आवाजात एक प्रश्न विचारा आणि वहीत बघा. रोज सहा म्हणजे सात दिवसांत अख्खा वर्ग. सुदामानगरच्या सतरंजीवर तुम्ही जे करता तेच इथे दिवसाला सहा वेळा होतं. त्यासाठी वेगळं व्यक्तिमत्त्व लागत नाही.

आता गणिताच्या बाई. त्यांचं वाक्य तुमच्या तोंडून निघालं म्हणजे तुम्ही त्यांच्यासारख्या आहात, असं मुळीच नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवून दिलं की शिक्षक होऊ पाहणारा माणूस प्रशिक्षणाला येतो तोच मुळी हजारो तास शिक्षक न्याहाळून. शाळा संपेपर्यंतचा त्यांचा हिशेब होता सुमारे १३,००० तासांचा. तुमच्या सोळा आठवड्यांत, आठवड्याचे सहा दिवस आणि रोज दोन पिरियड धरले, तर शिकवण्याचे १२८ तास भरतात. शिवाय ते १३,००० तास बाकावर बसून पाहिलेले. बाई रागावल्या, हे दिसलं. रागावण्याआधी त्यांच्या मनात काय चाललं होतं, वह्या तपासताना त्यांना काय आढळलं होतं, हे कधी दिसलं नाही. म्हणून गडबडीच्या क्षणी वरवरचं वाक्य तेवढं बाहेर येतं, कारण तयार तेवढंच असतं.

उपाय त्याच जातीचा आहे. त्या क्षणासाठी दुसरं वाक्य तयार ठेवायचं. आधी कागदावर लिहा की 'तुम लोगों से कुछ नहीं होने वाला' नेमकं केव्हा निघालं. बहुधा प्रश्न विचारून झाला असेल, कुणाचाच हात वर नसेल आणि पिरियड संपायला पाचच मिनिटं राहिली असतील. त्या क्षणाला चपखल बसणारं वाक्य ठरवा, उदाहरणार्थ 'रुको. जहाँ तक समझ में आया, वहाँ तक बताओ.' घरी उभं राहून मोठ्याने दहा वेळा म्हणा. हसू आलं तर हसा, पण म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य वर्गात वेळेवर येत नाही.

सोबत आणखी एक काम, अर्ध्या तासाचं. आठवणीतले पाच शिक्षक घ्या, नावडतेही चालतील, आणि प्रत्येकाची एक कृती लिहा. 'फार प्रेमळ होत्या' याचा काही उपयोग नाही. 'वही परत देताना नाव घेऊन एक वाक्य बोलायच्या' हे उपयोगाचं, कारण ते उद्या करून बघता येतं. अख्खा माणूस उसना घेतला की तो अंगाला टोचतो, कृती उसनी घेता येते. तुमच्या गणिताच्या बाईंकडेही एखादी सापडेल, कदाचित फळ्यावर पायऱ्या मांडण्याची.

ओरडण्याचं दुसरं कारण रोजच्या व्यवस्थेत असतं, आणि विज्ञानात तर हमखास. हळदीच्या कागदाचा पाठ घ्या. सातवीत आम्ल आणि आम्लारी, म्हणजे तुमच्या पुस्तकातले अम्ल-क्षारक, शिकवताना तो येतोच. ४२ मुलांचे चार-चारचे नऊ गट आणि तीन-तीनचे दोन, एकूण अकरा. गटाला तीन पट्ट्या, म्हणजे ३३. फाटतात, भिजतात, म्हणून ४० करा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागदावर किंवा गाळणकागदावर फासायची आणि सावलीत सुकवायची. गुळगुळीत कागदावर हळद नीट मुरत नाही. पावसाळ्यात दोन दिवस आधी करा, नाहीतर सकाळी पट्ट्या ओल्याच मिळतील. साबण कपडे धुण्याचा घ्या. हात धुण्याच्या कित्येक द्रवांनी हळद लाल होत नाही, आणि मग ऐन पाठात तुमचं अवसान जातं. साबणाचं पाणी, लिंबाचा रस आणि साधं पाणी बाटलीच्या झाकणांत थेंब-थेंब पुरतं.

गोंधळ होतो तो सामान वाटण्याच्या वेळी. बहुतेक छात्राध्यापक पट्ट्या वाटता वाटता सूचना देतात. हातात वस्तू आलेल्या मुलाचे कान बंद झालेले असतात, मग आपण तीच सूचना वरच्या पट्टीत देतो, मग आणखी वरच्या. क्रम उलटा करा. हात रिकामे असताना तीन पायऱ्या फळ्यावर लिहायच्या. मागच्या बाकावरच्या एकाकडून त्या वदवून घ्यायच्या. मग गटातला एकजण येऊन सामान नेईल. प्रयोगाला आठ मिनिटं. थांबवायचं असेल तर एका ठरावीक जागी उभं राहून हात वर करायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. पहिले दोन-तीन दिवस दहाला शांतता होणार नाही, तरी त्याच जागी तसंच उभं राहायचं. आणि चर्चा सुरू करण्याआधी सामान परत टेबलावर. हे विसरलं की चर्चेच्या वेळी लिंबाचा रस कुणाच्या तरी डोळ्यांत गेलेला असतो.

या पाठात एक जागा अशी येते की तिथे तुम्ही कोण आहात ते खरोखर ठरतं. साबणाने पट्टी लाल होते, लिंबाने काहीच होत नाही, पाण्यानेही नाही. कुणीतरी म्हणणारच, 'मैडम, नींबू और पानी तो एक जैसे हैं.' 'गलत' म्हणता येतं. 'ठीक है, आगे देखो' म्हणून पुढे सरकता येतं. पण त्या मुलाने समोर दिसलं तेच प्रामाणिकपणे सांगितलं आहे. 'फिर हल्दी से कौन-सी बात पता नहीं चलती?' असं विचारलं तर उद्याचा पाठ त्याच्याच वाक्यातून निघतो. जास्वंदीच्या फुलांचा रस आणायचा, तो आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवा. प्रश्न विचारून झाल्यावर मात्र थांबावं लागेल. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि तेच तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली आली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. बोटांनी साडीच्या पदराआड मोजा, कुणाला कळत नाही.

हे सगळं खरोखर होतं की तुम्हाला तसं वाटतं, हे तपासायला फोन आहे. मार्गदर्शक मॅडमना विचारून पिरियडची दहा मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको, मुलांचे चेहरे फोनमध्ये ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरी ऐकताना तीनच गोष्टी मोजा : किती प्रश्न विचारले, किती नावं घेतली, 'चुप' किती वेळा म्हटलं. आपला आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच तो चोरटा आणि किरटा वाटतो, तिकडे दुर्लक्ष करा. मोजून झालं की रेकॉर्डिंग पुसून टाका, दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

मागे कोण बसलं आहे त्यावर रंग बदलतो, ही तक्रार तुम्ही लाजून लिहिली आहे. लाजण्यासारखं त्यात काही नाही, तुमच्या कामाला दोन साहेब आहेत. मार्गदर्शक मॅडम 'हँसना मत' म्हणतात, कारण सोळा आठवड्यांनी तुम्ही जाल आणि विस्कटलेला वर्ग त्यांच्याकडेच राहील. कॉलेजचे सर मोजके पाठ बघतात आणि त्यांच्या निरीक्षणाच्या फॉर्ममध्ये मुलांच्या सहभागाचा रकाना असतो. दोघांचंही आपापल्या जागेवरून बरोबर आहे. मागे कुणीही बसो, बदलणार नाहीत अशा तीन गोष्टी तुम्ही ठरवा. आमची सूचना : मुलाला नावाने हाक मारायची, चुकीच्या उत्तरावर स्वतः हसायचं नाही आणि कुणाला हसू द्यायचं नाही, आणि वही ठरल्या दिवशी परत द्यायची. वह्यांचं गणित सोपं आहे. एका वहीला दोन मिनिटं म्हटलं तरी ४२ वह्यांना ८४ मिनिटं लागतात, ती एका बैठकीत होत नाहीत आणि गठ्ठा साचतो. रोज १४ घ्या, २८ मिनिटांत होतात, तीन दिवसांत फेरी पुरी. या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की बाकीच्या बाबतीत हवं तेवढं जुळवून घ्या. हसण्याचं प्रमाण मॅडमच्या सांगण्यावरून कमी केलं म्हणून काही बिघडत नाही.

मॅडमशी बोलताना पद्धतीवर वाद नको, परवानगी छोटी आणि मोजकी मागा : 'मैडम, मंगल को तीसरे पीरियड में आठ मिनट समूह में काम करवा लूँ? शोर बढ़ा तो वहीं समेट लूँगी.' दिवस, पिरियड, मिनिटं आणि बिघडलं तर काय, हे चार तपशील असले की नकार क्वचितच येतो. आणि खरंच बिघडलं तर खरंच आवरा, पुढची परवानगी त्यावरच मिळते. सरांना पाठाआधी एक नेमकी गोष्ट बघायला सांगा, जसं 'मी उजवीकडच्या रांगेकडे किती वेळा वळते ते मोजाल का?' नाहीतर निरीक्षणवहीत 'आत्मविश्वास चांगला, आवाज स्पष्ट' एवढंच येतं. त्याचं पुढे काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं.

कधी कधी एखादे अनुभवी शिक्षक हातात पट्टी देतात आणि म्हणतात, वर्ग सांभाळा. ती पट्टी फळ्यावर रेघा मारायला वापरा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. प्रशिक्षणार्थीला त्यातून कुठली सूट नाही.

डायरीबद्दल. एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, २०१४ मध्ये बी.एड. दोन वर्षांचं केलं. त्या आराखड्यात स्वतःला समजून घेण्यासाठी एक वेगळा विषयच घातला आणि इंटर्नशिप वाढवली. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा, असे वीस आठवडे. हेतू चांगला होता. पण डायरीला गुण लागले, ती सरांकडे जाऊ लागली आणि 'पाठ सफल रहा' चा शिक्का तयार झाला. काहीजणी याच्या उलट टोकाला जातात. पानंच्या पानं 'मी कमी पडले' लिहितात, वाचणाऱ्याला ते फार चिंतनशील वाटतं. त्यातही उद्यासाठी काही नसतं.

त्याच दिवशी दहा मिनिटांत चार ओळी लिहा. एक घटना, एकच, मुलाच्या नावासह. त्यावर मी काय केलं. त्या मुलाच्या डोक्यात तेव्हा काय चाललं असेल. उद्या काय बदलणार. उदाहरणार्थ : 'दुसऱ्या रांगेतल्या मुलीने लिंबाची पट्टी पुन्हा पुन्हा बुडवली. मी पुरे म्हटलं. तिला बहुधा वाटलं की रस कमी पडला म्हणून रंग येत नाही. उद्या तिलाच विचारेन की किती थेंबांनी फरक पडेल.' कॉलेजच्या फाईलमध्येही हेच लावा. मुलाचं नाव वगळा, आणि 'सफल'च्या जागी काय अडलं, काय बदललं हे लिहा. गुण त्याने घटतात, हा समज बहुतेक ठिकाणी खोटा ठरतो. तपासणारेही त्याच त्या वाक्याला कंटाळलेले असतात.

दोन आठवड्यांनी डायरी उघडून, ज्या वाक्यांचा कर्ता 'मी' आहे त्यांच्याखाली एक रेघ आणि ज्यांचा कर्ता एखादं मूल आहे त्यांच्याखाली दोन रेघा मारा. फ्रान्सिस फुलर या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने मांडलं होतं की नवशिक्यांच्या काळज्या आधी स्वतःभोवती फिरतात (मी कशी दिसते, वर्ग ऐकेल का), मग कामाकडे आणि शेवटी मुलांच्या शिकण्याकडे वळतात. हा क्रम इतका शिस्तीत चालत नाही. एकाच दिवसात माणूस तिन्ही ठिकाणी जाऊन येतो. तरी सहाव्या आठवड्यात एकेरी रेघा जास्त असणं अगदी स्वाभाविक आहे, आणि बाराव्यातही दुहेरी वाढल्या नसतील तर मात्र मार्गदर्शकांशी बसून बोलायला हवं. शिक्षिका झाल्यासारखं वाटणं आपल्याकडे बघून येत नाही. मुलाने काय लिहिलं याची खरी उत्सुकता वाटायला लागते आणि त्या उत्सुकतेपोटी आपण काही ठरवतो, तेव्हा ते मागून येतं. आमचं मत विचाराल तर डायरीत लिहिण्याजोगं सगळ्यात चांगलं सातवीच्या वह्यांतच सापडतं.

उरलेल्या दहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र हट्टाने मागून घ्या : एक अख्खा धडा, पहिल्या पिरियडपासून चाचणीपर्यंत, आठ ते दहा पिरियड सलग तुमचाच. इंटर्नशिपमध्ये नेमकं हेच निसटतं. आज आठवीत अरेंजमेंट, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी पिरियड, उद्या कुणी रजेवर म्हणून सहावीत, परवा पोर्टलवर माहिती भरा. स्टाफरूममध्ये आपली खुर्ची नसते, टाइमटेबलवर नाव नसतं, मुलंही विचारतात, 'मैडम, आप कब तक हो?' अरेंजमेंटचे पिरियड घ्यायचे, शाळेची कामंही करायची, ती या कामाचाच भाग आहेत. पण सुटे सुटे चाळीस पाठ घेऊनही आपण शिकवलेलं मुलांच्या डोक्यात पोचलं का, हे कधीच कळत नाही, कारण परत जाऊन बघायला वर्ग आपला नसतो. सलग धड्यात तुमची चूक पाचव्या पिरियडला तुमच्यासमोर उभी राहते आणि सहाव्यात दुरुस्त करता येते. शेवटच्या चाचणीत पाचच प्रश्न ठेवा, त्यातला एक 'नींबू और पानी'सारखा असू द्या, ज्याचं उत्तर पाठ करून येत नाही. इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, तेव्हा रजा घ्यायचीच झाली तर या दहा पिरियडच्या बाहेर घ्या.

भाषेबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण इंदूरच्या वर्गात तो विषय येतोच. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मागच्या बाकांवर 'म्हारो-थारो' बोलणारी माळवी मुलं. छात्राध्यापिका बऱ्याचदा विज्ञानाचं बरोबर उत्तर सोडून त्या मुलाची हिंदी सुधारत बसते, आणि तो पुढच्या वेळी बोलतच नाही. उत्तर त्याच्या बोलीत घ्या, फळ्यावर हिंदीत लिहा, पारिभाषिक शब्द त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर जमतं.

घरच्यांचं म्हणणं दोन तुकड्यांत घ्या. 'रक्तात आहे' याला उत्तर देत बसू नका, आजीचा उपयोग करून घ्या. पहिल्या वर्षी वर्गात किती मुलं होती, वह्या कधी तपासायची, कुणी रडलं तर काय करायची, असं खोदून विचारा. आशीर्वादापेक्षा यातून जास्त मिळेल, आणि पहिल्या वर्षी आजीलाही सगळं येत नव्हतं, हे बहुधा तिच्याच तोंडून ऐकायला मिळेल. 'सेफ'चा हिशेब मात्र कागदावर मांडून दाखवा. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक शाळेसाठी, म्हणजे मध्य प्रदेशच्या शिक्षकभरतीत ज्याला 'वर्ग ३' म्हणतात त्यासाठी, बी.एड. पात्रता धरली जात नाही. त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. तुमच्यापुढे वर्ग २ (माध्यमिक) आणि वर्ग १ (उच्च माध्यमिक) उरतात, त्यांच्या पात्रता परीक्षा वेगळ्या, आणि वर्ग १ ला विषयातली पदव्युत्तर पदवी हवी. तोवर अतिथी शिक्षक किंवा खासगी शाळा. नियमित शिक्षिका झालात तर ट्यूशनही बंद करावी लागेल, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही. हे सगळं आई-वडिलांना माहीत असेलच असं नाही. आत्याच्या वेळची गोष्ट वेगळी होती.

लायकीचा प्रश्न. तो सहाव्या आठवड्यात सोडवू नका. या सुमाराला नवलाई ओसरलेली असते, सवय लागलेली नसते, आणि नेमका याच वेळी गळा बसलेला असतो. सलग धडा आणि त्याची चाचणी झाल्यावर बसा. ओरडलात, घामाघूम झालात, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा आला, यांतलं काहीही नालायकीची खूण नाही. हे सवयीने आणि व्यवस्थेने कमी होतं. खूण शोधायचीच तर ती चाचणीच्या पेपरांत शोधा. चुकलेलं उत्तर बघून 'याने असं का लिहिलं असेल' हा प्रश्न मनात येतो का, की फक्त गुण मोजून गठ्ठा बांधावासा वाटतो? दहाच्या दहा पिरियड तुम्हाला एकदाही तो प्रश्न पडला नाही, तर हे काम तुम्हाला पुढे फार जड जाईल आणि तसं घरी स्पष्ट सांगायला हरकत नाही. विज्ञानाची पदवी आहेच, वाटा इतरही आहेत. पण ज्या मुलीला चार मुलांचं अडलेलं सोडवताना मजा येते, तिला तो प्रश्न पडत असणार, असा आमचा अंदाज आहे. बेचाळीस जणांच्या कोलाहलात तो ऐकू येत नसेल एवढंच.

ताजा कलम : गळ्याकडे लक्ष द्या. सलग दोन पिरियडच्या मध्ये कोमट पाणी प्या, फळ्याकडे तोंड करून बोलू नका आणि खडूची पूड झटकताना बोलणं बंद ठेवा. सतत खाकरणं टाळा, घोट गिळा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मिठाच्या गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.